मिलिंग मशीन सीएनसी केलं, पण गोल काही गोल येईना

गिरमिट

वर्षभर हाताने चाकं फिरवली आणि मग घरच्या छोट्या बेंचटॉप मिलिंग मशीनला मोटारी लावायचं मनावर घेतलं. एक्स आणि वाय अक्ष (टेबलाचं डावं-उजवं आणि पुढे-मागे सरकणं) झाले, झेड (हेडचं वर-खाली) अजून उघडा पडलाय. टेबल पहिल्यांदा आपलं आपण सरकलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं. आता तेच लोक "काय, झालं का मशीन?" विचारतात आणि मी विषय बदलतो.

आधी सामान सांगतो. टेबलाचे मूळचे ट्रॅपेझॉइडल स्क्रू काढून बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरतात असे) टाकले, १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि ५ मिमी लीड (एका फेऱ्यात टेबल सरकतं तेवढं अंतर), सी७ ग्रेड. दोन्ही अक्षांना नेमा २३ मापाच्या स्टेपर (पल्सगणिक थोडी थोडी फिरणारी मोटार), ४८ व्होल्टचा सप्लाय, डिजिटल ड्रायव्हर. मेंदू म्हणून अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यात ग्रबल १.१ हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर एका फेऱ्याला २००० पल्सवर ठेवलेत, म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स.

एक मूर्खपणा आधीच कबूल करतो. उत्साहात मशीन पूर्ण खोललं आणि मग लक्षात आलं की मोटारीच्या माउंटच्या प्लेटा बनवायला मिलिंग मशीनच लागतं! जुने स्क्रू परत घातले, प्लेटा केल्या, पुन्हा खोललं, एक भोक चुकलं, पुन्हा जुने स्क्रू. तिसऱ्या खेपेला ते काम डोळे मिटून करत होतो.

आता रडगाणं. ॲल्युमिनियममध्ये ४० मिमी व्यासाचा गोल खळगा मारला, ८ मिमीच्या एंड मिल कटरने, डाऊन मिलिंग (दात फीडच्याच दिशेने माल कापतो ते), मिनिटाला ४०० मिमी फीड. मोजला तर एक्सच्या दिशेने ३९.८० आणि वायच्या दिशेने ३९.९३. शिवाय आतल्या भिंतीवर चार रेघा, घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ असतात तिथे. तीन आणि नऊच्या रेघा नखाला अडकतात. बॉलस्क्रू टाकल्यावर बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारा खेळ) जातो असंच सगळीकडे वाचलं होतं. मग हा ०.२० मिमी गेला कुठे?

नवशिक्या चार

माझ्याकडे मिलिंग नाही, थ्रीडी प्रिंटर आहे. त्यात माप कमी आलं की स्टेप्स वाढवतो. ४० भागिले ३९.८० करा, येईल त्याने ४०० ला गुणा. साधारण ४०२ येतात. ग्रबलमध्ये डॉलर १०० ला (एक्सच्या मिलिमीटरला किती पल्स, ती सेटिंग) ते भरा, काम फत्ते.

कानस

नवशिक्या, थांबा थांबा! गिरमिट, कृपा करून डॉलर १०० ला हात लावू नका.

तुमची चूक लांबीच्या प्रमाणात वाढणारी नाही, दिशा बदलताना एकदाच होणारी आहे. ४० मिमीच्या खळग्यात ०.२० कमी आले म्हणून मिमीला ४०२ पल्स केले, तर २०० मिमी सरळ जाताना टेबल २०१ मिमी जाईल. म्हणजे एक गोल सुधारायला सगळ्या लांब्या एकेक मिलिमीटरने बिघडवल्या. ५ मिमी लीड आणि फेऱ्याला २००० पल्स, तर उत्तर ४०० च. हा आकडा हिशोबाने येतो. तपासायचाच असेल तर लांब अंतरावर, एकाच दिशेने जाऊन तपासायचा. सी७ ग्रेडच्या स्क्रूत ३०० मिमीला ०.०५ मिमीपर्यंत चूक चालते. तुमची चूक ४० मिमीतच त्याच्या चौपट आहे, तेव्हा स्क्रूच्या लीडवर आळ घेण्यात अर्थ नाही.

दुसरं, कटर खरोखर ८ मिमीचा आहे का? बारीक असता तर दोन्ही दिशांचं माप सारखंच कमी आलं असतं. दोन दिशांत ०.१३ चा फरक आहे, तो कटरचा नव्हे. वर्तुळावर तीन आणि नऊ वाजता एक्सची मोटार उलटी फिरायला लागते, बारा आणि सहाला वायची. उलटताना आधी खेळ भरून निघतो, तेवढा वेळ एक अक्ष चालतो आणि दुसऱ्याचं टेबल जागच्या जागी उभं राहतं. तीच ती रेघ. एक्सच्या रेघा नखाला लागतात म्हणजे एक्सचा खेळ जास्त.

तर आता डायल काढा. टेबलाच्या टोकाला डायल गेज लावा, मोटारींना वीज देऊन त्या धरून राहतील असं करा आणि टेबल दोन्ही हातांनी एक्सच्या दिशेने ढकला, मग ओढा. काटा किती हलतो ते लिहा. मग हेच पुन्हा करा, पण डायल टेबलावर नको, स्क्रूच्या टोकावर लावा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात ग्रीसने एक बेअरिंगची गोळी चिकटवायची आणि डायलची पिन त्या गोळीवर टेकवायची. टेबल ढकलल्यावर स्क्रूच मागेपुढे सरकत असेल तर दोष बेअरिंगमध्ये. स्क्रू स्थिर आणि टेबल हलतंय, तर नट किंवा नटाचा ब्रॅकेट.

शून्यबिंदू

कानस यांना +१. तोवर इलेक्ट्रॉनिक्सकडून माझी भर.

पल्स सुटल्यात का, हे आधी बघून टाका. शून्यावर डायल लावा, वीसेक वेळा वेगात पुढे-मागे पळवा, परत शून्यावर आणा. येताना बाजू तीच ठेवा. काटा जागेवर आला तर मोटार काही खात नाहीये. मिनिटाला ३००० मिमी वेग म्हणजे सेकंदाला ५० मिमी, तुमच्या ४०० ने गुणलं की २०,००० पल्स. उनोवरचं ग्रबल साधारण ३०,००० पर्यंत खेचतं, तेव्हा तिथे अडचण नाही. पण तेवढ्या वेगाला मोटार मिनिटाला ६०० फेरे फिरते आणि स्टेपरचा जोर वेगाबरोबर झपाट्याने पडतो. ४८ व्होल्ट घेतलेत ते बरं केलंत. जुना आडाखा असा की मोटारीच्या इंडक्टन्सचं मिलिहेन्रीत वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा, तेवढे व्होल्ट तिला पुरे. अडीच मिलिहेन्रीची मोटार असेल तर पन्नासच्या आसपास येतात.

आणि हो, सप्लाय चालू असताना मोटारीची वायर कधी सोडवू नका. माझा एक ड्रायव्हर त्यात गेला. नुसता टिक असा आवाज आला आणि संपलं.

अर्धवट प्रकल्प

क्लोज्ड लूप स्टेपर घ्या की राव. फिरणं मोजणारा एन्कोडर असतो, चूक आपोआप दुरुस्त होते. माझं मशीन पूर्ण झालं की मी तेच लावणार आहे. (चौथं वर्ष.)

शून्यबिंदू

तो एन्कोडर मोटारीच्या शाफ्टवर असतो हो. शाफ्ट बरोबर जागी पोहोचला की तो खूश. पुढे बेअरिंगमध्ये स्क्रू सरकतोय, नट डुलतोय, हे त्याला कुठून दिसणार? पल्स सुटत असतील तर क्लोज्ड लूपचा उपयोग आहे. इथे पल्स सुटल्यासारख्या दिसत नाहीत.

मग टेबलावरच ग्लास स्केल (टेबलाची जागा थेट वाचणारी पट्टी) बसवून त्याचं वाचन कंट्रोलला दिलं तर, असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो. लिनक्स सीएनसी या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये तसं करता येतं. पण खेळ तसाच ठेवून लूप बंद केला की मोटार त्या खेळातच इकडून तिकडे शोधत थरथरत बसते. आधी खेळ काढा, मग स्केल.

गिरमिट

मोजलं. पल्स सुटत नाहीत, वीस फेऱ्यांनंतर काटा जागेवर.

टेबलावर एक्सचा एकूण खेळ ०.१८. वायचा ०.०५. म्हणजे एक्सचे ०.२० पुरे होत नाहीत, ०.०२ उरतात. वायचेही ०.०७ मधून ०.०५ गेले की ०.०२ च उरतात. कानस, तुमचं कटरचं म्हणणं इथे बसतंय. मायक्रोमीटर लावला, कटर ७.९८ निघाला.

पण खरी गंमत गोळीची. स्क्रूच्या टोकाला गोळी लावून टेबल ढकललं आणि काटा ०.१३ सरकला! मी टेबल ढकलतोय आणि अख्खा स्क्रू आत-बाहेर करतोय, डोळ्यांना काही दिसत नाही, काटा मात्र हलतोय. उरलेले ०.०५ नटाकडचे. त्यातही ब्रॅकेटचे दोन बोल्ट नुसते बोटाने लावलेले निघाले. (कसण्याचं राहून गेलं होतं. हसा.) ते कसल्यावर नटाकडे ०.०३ राहिले.

आता ०.१३ चं काय? मोटारीच्या बाजूला दोन ६००१ बेअरिंग शेजारी शेजारी ठोकून बसवलीत, हाताशी तीच होती.

जुना फिटर

गिरमिटराव, एक विचारतो. त्या बेअरिंगच्या मागे स्क्रूवर लॉकनट आहे का?

गिरमिट

नाही काका. स्क्रू बेअरिंगमधून आरपार जातो, पुढे कपलिंग, पुढे मोटार. कपलिंगचे स्क्रू आवळले आहेत.

जुना फिटर

मग तुमचा बॉलस्क्रू कोणी धरलाच नाहीये. लांबीच्या दिशेने त्याला धरून ठेवलंय ते त्या खाचा पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या कपलिंगने, आणि ते तर मुळात स्प्रिंगसारखं लवचीकच असतं. मोटार आणि स्क्रू एका रेषेत नसले तरी चालावं म्हणून ते तसं बनवतात. टेबलाचा रेटा त्याने घ्यावा ही त्याच्याकडून अपेक्षाच नसते.

६००१ हे खोल खाचेचं साधं बेअरिंग. उभा भार छान घेतं. पण त्याच्या आत मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते, आणि त्या उभ्या दिशेला थोडी असली तर अक्षाच्या दिशेने तीच कितीतरी पट होऊन बाहेर पडते. हातात धरून आतली रिंग हलवून बघा, जाणवेल. तुमचं नशीब असं की ७००१ चं मापही तेच आहे, आत १२, बाहेर २८, जाडी ८. तेव्हा घर न बदलता ६००१ उपटून काढा आणि ७००१ अँग्युलर कॉन्टॅक्टची जोडी बसवा. हे बेअरिंग एकाच दिशेचा रेटा घेतं, म्हणून दोन लागतात, पाठीला पाठ लावून. त्यात एकाच पिशवीतून काढलेली दोन सुटी बेअरिंग म्हणजे जोडी झाली असं समजू नका. बाहेरच्या रिंगांच्या मध्ये एक पातळ, दोन्ही तोंडं समांतर असलेली रिंग घाला, आतल्या रिंगांमध्ये काही नको. मग मागून लॉकनट हळूहळू आवळा. आतल्या रिंगा जवळ येतील तसा खेळ मरेल. स्क्रू हाताने फिरवल्यावर पूर्ण फेऱ्यात सारखाच, किंचित जड लागला की थांबायचं. कुठे जड कुठे हलका लागला तर रिंगेची तोंडं समांतर नाहीत, ती पुन्हा घासा. बाहेरच्या रिंगांवर दाबपट्टी हवी, आणि ती घराच्या तोंडाला न टेकता बेअरिंगलाच टेकली पाहिजे. फिलर गेज घालून बघा, पट्टी आणि घर यांच्यात बारीक फट दिसायला हवी.

दुसरं टोक मोकळं ठेवा, तिथे साधं बेअरिंग पुरे. दोन्ही टोकं आवळलीत तर स्क्रू तापून लांबल्यावर जाईल कुठे?

आता थोडं विषयांतर, म्हातारपणाचा हक्क म्हणून. हे सगळं तुम्हाला आता का दिसलं, वर्षभर का नाही दिसलं? कारण हाताने काम करताना खेळ तुमचा हात भरून काढत होता. चाक उलटं फिरवताना तुम्ही मापाच्या पुढे जाऊन परत येत होता, नेहमी एकाच बाजूने मापावर येत होता. कटर ओढायला लागला की दुसऱ्या हाताने स्लाईडचं लॉक थोडं आवळत होता. कोणी शिकवलंही नसेल. जुन्या स्क्रूला यापेक्षा जास्त खेळ असणार आणि तरी तुमचे जॉब मापात येत होते. कंट्रोलला हे काहीच माहीत नाही. तो पल्स मोजतो आणि टेबल पोहोचलं असं धरून चालतो. तुम्ही मशीनला मोटार लावली आणि त्याच दिवशी त्याचा सगळ्यात हुशार भाग काढून घेतलात.

तुम्ही करताय त्यात नवीन काही नाही, हेही सांगून ठेवतो. १९५२ साली एमआयटीने जगाला पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, ते नवं घडवलेलं नव्हतं. बाजारातलं सिनसिनाटी हायड्रोटेल घेऊन त्याला व्हॉल्व्हवाला कंट्रोल आणि भोकांची टेप जोडली होती. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्सची. तेव्हा सीएनसीचा पूर्वजसुद्धा कन्व्हर्जनच होता.

नवशिक्या चार

काका, मस्त. माझा ४०२ वाला सल्ला मी गुपचूप मागे घेतो. पण एक शंका. ०.१३ बेअरिंगने गेले, तरी नटाचे ०.०३ राहतातच. ते सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येत नाहीत का? दिशा बदलली की तेवढ्या पल्स जास्त द्यायच्या.

शून्यबिंदू

उनोवरच्या ग्रबलमध्ये ती सोयच नाही. लिनक्स सीएनसीत आहे, प्रत्येक अक्षाला बॅकलॅशचा आकडा देता येतो. भोकं पाडायची जागा पकडायला ठीक चालतं. मिलिंगमध्ये पंचाईत अशी की स्क्रू बरोबर जागी गेला तरी टेबल त्या खेळात मोकळंच असतं. डाऊन मिलिंग करताना कटरचा दात टेबलाला आपल्याकडे ओढतो, टेबल ०.०३ उडी मारतं, दात जास्त माल खातो. पल्सने टेबल धरून ठेवता येत नाही.

कानस

०.०३ ला एक घरगुती उपाय आहे, पण धीर असेल तरच करा. १६०५ च्या नटात ३.१७५ मिमीच्या गोळ्या असतात. त्याच्यापेक्षा काही मायक्रॉन मोठ्या गोळ्या भरल्या की नट घट्ट होतो. मी केलंय. नट स्क्रूवरून उतरवताना मध्ये स्क्रूच्या तळाच्या व्यासाची नळी धरायची असते. पहिल्या वेळी मी ती धरली नाही आणि गोळ्या फरशीभर झाल्या. पांढऱ्या फरशीवर चमकदार गोळ्या शोधायला गुडघ्यावर बसून टॉर्च आडवा धरावा लागतो, सावली पडली की सापडतात. दोन तर दुसऱ्या दिवशी चपलेत सापडल्या. तळाशी जुनी चादर अंथरून मगच नट काढा.

गिरमिट, आधी बेअरिंग करा, गोल पुन्हा मारा, मग नटाचं ठरवा. आणि जिब (स्लाईडमधला खेळ आवळायची पट्टी) एकदा बघून घ्या. टेबलाच्या एका टोकाला वायच्या दिशेने ढकललं की दुसरं टोक उलट सरकतं का? सरकत असेल तर जिब ढिली आहे. हा खेळ गोलात दिसत नाही, लांब जॉबला बाक येतो.

गिरमिट

बेअरिंग झाली. मधली रिंग तीनदा घासली, पहिल्या दोन वेळा अर्ध्या फेऱ्यात जड लागत होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठाचा आकडा काढत घासली तेव्हा बसली. आता गोळीवरचा काटा ०.०१, टेबलावरचा ०.०४. जिबही आवळली, आणि त्यात वेगळाच धडा मिळाला. जास्त आवळली तर मोटार मध्येच कुंथते आणि पल्स खाते. थोडी सोडून, टेबल हाताने अख्ख्या लांबीवर सरकवत जमवली. मध्यभागी घासलेलं आहे म्हणून मध्यावर बरोबर लावलं की टोकांना घट्ट होतं. टोकांवर मोकळं लागेल अशी तडजोड केली.

गोल मारायला बसलो तर नवीन संकट. कटर फिरवणारं स्पिंडल सुरू केलं की ग्रबल लिमिट स्विच (टेबल टोकाला पोहोचलं की दाबला जाणारा) लागल्याची बोंब मारून थांबतं. टेबल स्विचपासून दोन वीत लांब!

शून्यबिंदू

स्पिंडल मोटारीचा विद्युत गोंधळ स्विचच्या वायरीत शिरतोय. स्विचच्या वायरी मोटारीच्या वायरींबरोबर एकाच पट्ट्यात बांधल्यात ना? वेगळ्या काढा. जाळीवाली केबल घ्या आणि जाळी एकाच टोकाला, कंट्रोलच्या बाजूला अर्थ करा. उनोच्या पायांवरचा आतला पुल-अप फार दुबळा असतो, ५ व्होल्टची लांब वायर म्हणजे अँटेनाच. २४ व्होल्टवर स्विच चालवून मध्ये ऑप्टो (उजेडाने सिग्नल देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) टाकलात तर कायमची कटकट मिटेल. तात्पुरता कपॅसिटरही चालतो.

आणि स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबला की सर्किट तुटतं अशा) प्रकारचेच जोडा. वायर तुटली तर मशीन थांबायला हवं. उलट जोडलेत तर वायर तुटलेली आहे हे टेबल टोकाला जाऊन धडकल्यावरच कळेल. इमर्जन्सीचं लाल बटणही फक्त अर्डुइनोला सांगणारं नको, कॉन्टॅक्टरमधून मोटारी आणि स्पिंडल दोन्हींची वीज तोडणारं हवं. प्रोग्रॅम अडकला असेल तर त्याला विनंती करून काय उपयोग?

गिरमिट

वायरी वेगळ्या केल्या, जाळीची केबल टाकली, ऑप्टो लावले. बोंब बंद.

गोल: एक्स ३९.९४, वाय ३९.९३. मग प्रोग्रॅममध्ये कटर ८ ऐवजी ७.९८ लिहिला आणि दुसरा तुकडा मारला. एक्स ३९.९६, वाय ३९.९५. रेघा अजून चार आहेत, पण टॉर्च आडवा धरल्यावर दिसतात, नखाला लागत नाहीत. नटाच्या गोळ्या आता काही बदलत नाही. फरशी माझीही पांढरीच आहे.

घरच्यांना पुन्हा बोलावलं. "गोल तर मागच्या वेळीही गोलच होता की" असं उत्तर मिळालं.

उद्यापासून झेड. त्यालाही १६०५ च टाकतोय.

जुना फिटर

छान काम. झेड कामाला लावण्याआधी एवढं करा. हेडच्या खाली टेबलावर लाकडाचा जाड ठोकळा ठेवा, व्हाइस आणि कटर काढून घ्या, हेड वर न्या आणि मग मोटारीची वीज बंद करा. जुना स्क्रू हेडला आपला आपण धरून ठेवायचा, बॉलस्क्रू धरणार नाही. हेड ठोकळ्यावर किती जोरात येऊन बसतं ते इथे कळवा, मग गॅस स्प्रिंग लावायची की ब्रेकची मोटार ते बघू.